पोट भरलेला मासा

फीबास हा अगदीच कळाहीन मासा आहे. मळकट अंग, जाड ओठ, चिंध्या झालेले पर. त्याला येणारा पहिला डाव म्हणजे नुसत्या उड्या मारणं. त्या उड्यांनी समोरच्याला काहीही होत नाही. 'काहीच घडलं नाही' असं पडद्यावर सरळ लिहूनच येतं. खेळातल्या नोंदवहीतही त्याच्याविषयी चांगला शब्द फारसा नाही. याचे पर फाटके आहेत, त्यामुळे लोक याच्याकडे दुर्लक्ष करतात, एवढीच त्याची ओळख. आणि तरीही 2002 च्या हिवाळ्यात जपानमधल्या मुलांना या माशाने भलतंच रखडवलं, कारण तो सापडतच नव्हता.

ज्यांनी पोकेमॉन खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अद्भुत प्राणी पकडायचे, सांभाळायचे, वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या आणि मित्रांशी त्यांची अदलाबदल करायची, असा हा खेळ. तो फेब्रुवारी 1996 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा आला. त्याची कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी ते तोक्योच्या माचिदा उपनगरात किडे पकडत हिंडायचे. पुढे तिथली शेतं आणि तळी बुजली, घरं उभी राहिली. किडे शोधण्यातली ती मौज पुढच्या मुलांनाही मिळावी, म्हणून त्यांनी ती खेळात आणली. 21 नोव्हेंबर 2002 ला या मालिकेतल्या 'रुबी' आणि 'सफायर' या दोन कॅसेटी बाजारात आल्या. त्यांत होएन नावाचा प्रदेश आहे, आणि तो जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर बेतलेला आहे.

होएनमध्ये 119 नंबरची एक लांबलचक वाट आहे. तिच्या बाजूने नदी वाहते. तिथे पुष्कळदा पाऊस असतो, गवत माणसाच्या डोक्यावर जातं, वरच्या अंगाला धबधबा आहे आणि पलीकडे झाडांवर बांधलेल्या घरांचं गाव. या नदीचं पाणी पडद्यावर लहान लहान चौकोनांचं बनलेलं आहे. चौकोन चारशेहून जास्त. त्यांपैकी फक्त सहा चौकोनांत फीबास राहतो. वरून पाहता ते सहा आणि बाकीचे सगळे एकसारखे. पाण्याचा रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत, काठावर कुणी खूण सांगायला उभं नाही.

आता गोष्ट.

कागोशिमा शहरात दोन भावंडं राहत होती. थोरला बारा-तेरा वर्षांचा, धाकटी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. खाडीपलीकडे साकुराजिमाचा ज्वालामुखी धुमसत असायचा आणि वारा शहराकडे वळला की अंगणात राख पडायची. ती झाडून महापालिकेच्या पिवळ्या पिशव्यांत भरायचं काम दोघांकडे होतं. होएनमध्येही एका वाटेवर अशीच राख पडते, आणि अवकाशकेंद्र असलेलं एक बेट आहे, जसं त्यांच्याच जिल्ह्यात तानेगाशिमा. म्हणून दोघांना तो खेळ परका वाटला नाही. थोरल्याकडे रुबी होती, धाकटीकडे सफायर. मध्ये एक केबल.

119 च्या नदीत दुर्मिळ मासा आहे, ही बातमी थोरल्याने शाळेतून आणली. त्याच संध्याकाळी तो गळ घेऊन नदीवर गेला. म्हणजे पलंगावर पालथा पडला. इथे एकदा गळ टाकला, तिथे दोनदा, मग धबधब्याजवळ, मग पुलाखाली. मॅजिकार्प लागला, टेंटाकूल लागला, दातवाला कारव्हाना लागला. फीबास नाही.

धाकटीने गणिताची चौकटींची वही घेतली आणि नदी तिच्यात उतरवली. काठाची वळणं, खडक, धबधबा, सगळं. मग खालच्या टोकापासून एकेका चौकोनात गळ टाकत ती वर सरकू लागली. प्रत्येक चौकोनात ती चार-पाचदा गळ टाकायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते बरोबर होतं. योग्य चौकोनातही गळाला फीबासच लागेल असं नाही. निम्म्या वेळा दुसराच मासा लागतो. एकदाच गळ टाकून पुढे जाणारा माणूस नेमक्या जागेवरून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. थोरला त्या सहापैकी एखाद्या जागेवरून नक्कीच गेला असणार.

त्यात आणखी एक गोम होती, आणि मला ती या खेळातली सगळ्यांत सुंदर कल्पना वाटते. होएनच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रातल्या एका बेटावर ड्यूफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लोकांच्या तोंडी कायम कुठला तरी दोन शब्दांचा बोलबाला असतो. तिथल्या एका मुलाला आपण नवे शब्द सुचवले आणि ते त्याला पटले, तर सगळं गाव तेच बोलू लागतं. फीबासचे ते सहा चौकोन गावात चाललेल्या या बोलण्यावरून ठरतात. तिकडे बोलणं बदललं की इकडे, कितीतरी कोस दूर, नदीतला मासा मुकाट्याने जागा बदलतो. थोरल्याला त्या मुलाला चित्रविचित्र शब्द शिकवायची भारी हौस. शाळेत मित्रांच्या कॅसेटींशी नोंदींची देवाणघेवाण केली तरी गावातलं बोलणं बदलू शकतं, आणि तेही त्याचं सुरूच होतं. आपण हसत हसत टाकलेल्या एका शब्दाने आपलाच शोध पुसला जातोय, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

धाकटी ड्यूफर्डला त्या दिवसांत गेलीच नाही. तिला तिथे काही काम नव्हतं.

हिवाळ्याच्या सुट्टीत तिच्या वहीतली निम्मी नदी फुल्यांनी भरली होती, तेव्हा तिच्या गळाला फीबास लागला. जागा अगदी साधी, काठापासून दूर, पाण्याच्या मध्येच. तिने आरडाओरडा केला नाही. त्याच चौकोनात पुन्हा गळ टाकला आणि थोड्या वेळाने दुसराही पकडला. मग तिने दादाला वही दाखवली. थोरला लगेच आपल्या नदीत त्याच चौकोनाशी गेला आणि बराच वेळ तिथे गळ टाकत बसला. काही नाही. त्याच्या कॅसेटमधल्या ड्यूफर्डचे लोक दुसरंच काही बोलत होते, तर मासा तिथे कसा असणार? नकाशा तिचा होता, पण नदी त्याची होती.

"असू दे दादा, माझ्याकडे दोन आहेत," ती म्हणाली. केबल जोडली आणि एक फीबास त्याच्याकडे गेला.

थोरल्याला मासे कसे वाढवायचे ते ठाऊक होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. मॅजिकार्पचं उदाहरण त्याच्यासमोर होतं. तोही असाच निरुपयोगी, नुसता उड्या मारणारा कार्प मासा. पण त्याला झुंजीमागून झुंजी देत 20 व्या लेव्हलला नेलं की त्याचा प्रचंड, रागीट ग्याराडोस होतो. जुन्या चिनी कथेतला कार्प धबधबा चढून ड्रॅगन होतो, तिचाच हा धागा. जपानमध्ये 5 मे च्या बालदिनाला घरावर कापडी कार्प फडकवतात, तेही याच भावनेने, की आपलं मूल प्रवाहाविरुद्ध पोहत वर चढो. थोरल्याच्या घरावरही दरवर्षी ते फडकत. लढलं की मोठं होता येतं, हे त्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

त्याने फीबासला लढायला लावलं. अदलाबदलीत मिळालेला प्राणी अनुभव भरभर गोळा करतो, हा खेळाचा नियमच आहे, त्यामुळे लेव्हल झपाट्याने वाढत गेली. तिसाव्या लेव्हलला मासा एक नवा डाव शिकला. जीव जितका कमी उरलेला, तितका जोरात बसणारा तडफडीचा डाव. थोरला खूश झाला. पस्तीस झाली. चाळीस झाली. मासा मात्र तसाच, तेच फाटके पर.

मग शाळेतून दुसरी बातमी आली. हा मासा लढून बदलत नाही. त्याचं सौंदर्य वाढवावं लागतं.

होएनमध्ये प्राण्यांच्या फक्त झुंजीच होत नाहीत, स्पर्धाही होतात. तिथे रुबाब, सौंदर्य, गोडवा, चतुराई आणि कणखरपणा असे पाच गुण पाहिले जातात. हे गुण वाढतात ते पोकेब्लॉक नावाच्या वड्यांनी. झाडं लावायची, पाणी घालायचं, फळं आली की ती स्पर्धेच्या सभागृहातल्या घुसळणी यंत्रात टाकायची. यंत्राचा काटा फिरतो, तो आपल्या खुणेवर आला की नेमकं बटण दाबायचं. जितकं नेमकं दाबाल तितका वेग वाढतो आणि वडी कसदार होते. फळांना पाच चवी आहेत. तिखटाने रुबाब वाढतो, गोडाने गोडवा, कडूने चतुराई, आंबटाने कणखरपणा. आणि सौंदर्य वाढतं तुरटाने.

हे मला फार आवडतं. बनवणाऱ्यांनी सौंदर्याला गोड चव दिली नाही, तुरट दिली. क्यूशूत हिवाळ्यात पुष्कळ घरी तुरट पर्सिमन सोलून, दोरीला बांधून, पडवीत वाळत टाकलेले असतात. ताजं खाल्लं तर जीभ आखडते. आठवडे जावे लागतात तेव्हा कुठे ते खाण्याजोगे होतात. त्या मुलांना तुरट म्हणजे काय, आणि त्याला किती थांबावं लागतं, हे माहीत होतं.

पण थोरल्याला थांबायचं नव्हतं. त्याच्या डब्यात वड्या होत्याच. लाल, पिवळ्या, हिरव्या, कधीतरी कुठल्या कुठल्या फळांच्या केलेल्या. काही निळ्याही होत्या, तुरट, पण फिकट चवीच्या, कारण काटा खुणेवर यायच्या आत त्याने बटणं दाबलेली. त्याने सगळ्या काढल्या आणि एकामागून एक माशाला भरवल्या. निळी वडी दिली की पडद्यावर ओळ यायची, 'फीबासने नाखुशीने खाल्लं.' त्याने ती वाचली नाही. पुढची ओळ लवकर यावी म्हणून तो बटण दाबत होता.

प्रत्येक प्राण्याचा एक स्वभाव असतो, आणि स्वभावाप्रमाणे आवडती-नावडती चव. धाकटीने त्याला दिलेला फीबास आनंदी स्वभावाचा होता. त्याला गोड आवडायचं, आणि नेमकं तुरटच आवडायचं नाही. तुरट वडीचा त्याच्यावर परिणाम व्हायचा, पण थोडा कमी. अशक्य काहीच नव्हतं, फक्त वड्या जास्त कसाच्या लागल्या असत्या. माशाची माहिती उघडली की स्वभाव पहिल्याच पानावर लिहिलेला असतो.

त्याच सुमारास धाकटीने सगळ्यांना एकत्र बसवलं. शेजारची दोन मुलं आली. गेम बॉय ॲडव्हान्सच्या केबलला मध्ये एक छोटा जोड असतो, त्यातून केबलीला केबल लावत चार जण खेळू शकतात. चौघं कोतात्सूभोवती, त्या रजई लावलेल्या उबदार बैठ्या मेजाभोवती, पाय आत घालून बसली. थोरला सगळ्यांत मोठा, म्हणून त्याने सांगितलं, "सगळ्यांनी चेस्टोचं फळच टाका. तुरट पाहिजे ना? मग तुरटच टाकायचं, उगाच घोळ नको."

काटा फिरला, चौघांनीही मन लावून बटणं दाबली, वेग चांगला आला. वडी निघाली ती काळी.

दोघांनी जरी तेच फळ टाकलं तरी वडी काळी होते. चवींचा काहीतरी गोंधळ, कस जवळजवळ नाही. वेगवेगळी फळं हवीत, तीही एकमेकांची चव मारणार नाहीत अशी. एकाने चेस्टो टाकलं तर दुसऱ्याने तुरटच पण वेगळ्या जातीचं आणायला हवं. म्हणजे आधी एकमेकांना विचारायला हवं. थोरल्याने हे ऐकून घेतलं नाही. आपल्या वाट्याची काळी वडी, "फुकट कशाला घालवायची," म्हणत त्याने फीबासला भरवली, केबल काढली आणि तो उठून गेला.

दोन दिवसांनी त्याने माशाला आणखी एक वडी द्यायला घेतली, तर माशाने ती घेतलीच नाही. त्याचं पोट भरलं होतं.

इथे गोष्ट थांबवून या नियमाविषयी बोलायला हवं. प्रत्येक वडी दोन गोष्टी करते. तिच्या चवीप्रमाणे एखादा गुण वाढवते, आणि माशाचं पोटही भरते. दोन्हींची मर्यादा 255. फीबास बदलायला सौंदर्य 170 पर्यंत न्यावं लागतं, आणि ते पोट 255 ला भरायच्या आत. पोट एकदा भरलं की संपलं. ते पुन्हा रिकामं होत नाही, भूक परत लागत नाही, कितीही दिवस थांबा. चांगली वडीही पोटात जागा घेते आणि वाईट वडीही घेते. वाईट तर बहुधा जास्तच घेते. हाताला लागेल ते, लक्ष न देता भरवलेलं अन्न माशाला इजा करत नाही. ते फक्त चांगल्या अन्नाची जागा बळकावून बसतं. दुसऱ्या खेळांमध्ये केलेली चूक जास्त मेहनत करून भरून काढता येते. इथे मेहनतीला जागाच उरत नाही. दुर्लक्षाने बिघडलेल्या मुलांविषयी आपण खूप बोलतो. ज्या मुलाला रोज भरभरून दिलं गेलं, पण त्याला काय रुचतं हे एकदाही पाहिलं गेलं नाही, अशा मुलाविषयी फारसं बोलत नाही. मला वाटतं, या माशाने ती दुसरी गोष्ट सांगितली आहे.

आणि चौघांनी मिळून वडी केली तर आणखी एक फरक पडतो. घुसळायला जितके जण, तितका वडीचा पोटावरचा भार कमी. चव तीच, जागा कमी. एकट्याने केलेली वडी तेवढ्याच फळांची असली तरी पोटाला जड जाते.

धाकटीकडचा फीबास विनम्र स्वभावाचा होता आणि त्याला तुरट आवडायचं. हे नशीब तिचं होतं, खरं आहे. पण तिने स्वभाव आधी पाहिला, मग फळं लावली. फळं यायला खेळातल्या घड्याळाप्रमाणे खरेखुरे तास लागतात. काही झाडांना दिवस लागतात. ती शाळेत जायच्या आधी झाडांना पाणी घालायची आणि आल्यावर पाहायची. त्या कॅसेटींत घड्याळासाठी एक छोटी बॅटरी होती. वीस वर्षं उलटल्यावर त्यांतल्या बहुतेक संपल्या आहेत. अशी कॅसेट आज सुरू केली की बॅटरी संपल्याची सूचना येते. बाकी खेळ चालतो, पण लावलेली झाडं वाढत नाहीत. ज्यांनी तेव्हा वाट पाहिली त्यांचेच मासे तेवढे झाले.

शेजारची दोन मुलं तिच्याकडे येत राहिली. तिघं आधी ठरवायची, कोण काय आणणार. पहिली वडी फिकी निघाली, ती तिने माशाला दिलीच नाही, बाजूला ठेवली. पुढची चांगली निघाली. 'फीबासने आनंदाने खाल्लं.' ती ओळ तिन्ही पडद्यांवर दिसत नसे, म्हणून ती आपला गेम बॉय फिरवून त्या दोघांना दाखवायची.

एका दुपारी, पोटात थोडी जागा शिल्लक असतानाच, सौंदर्य पुरेसं झालं. मग फक्त एक लेव्हल वाढणं बाकी होतं. तिने गवतातली एक छोटी झुंज लढवली. झुंज संपली, पडदा काळा झाला, माशाची आकृती उजळत गेली, आणि त्या फाटक्या परांच्या जागी मिलोटिक उभा राहिला. दुधी रंगाचं लांब, वळणदार शरीर, डोळ्यांवरून खाली आलेल्या गुलाबी भुवया, शेपटीला निळ्या-गुलाबी खवल्यांचा पंखा. खेळातल्या त्याच नोंदवहीत मिलोटिकविषयी लिहिलंय की तो मोठ्या तळ्यांच्या तळाशी राहतो, सगळ्यांत सुंदर मानला जातो, आणि रागाने पेटलेली मनं शांत करतो. आकड्यांत पाहिलं तर फीबासच्या सगळ्या क्षमतांची बेरीज 200, मिलोटिकची 540. रागीट ग्याराडोसची बेरीजही नेमकी तेवढीच आहे. लढून गाठलेलं आणि जपून गाठलेलं, दोघांना बनवणाऱ्यांनी एकच माप दिलं.

थोरला चिडला. "चांगला तू ठेवलास आणि भिकार मला दिलास."

"दोन्ही एकाच चौकोनातले आहेत," ती म्हणाली. "दादा, तुझ्याला गोड आवडतं. तू पाहिलं होतंस का?"

त्याने उत्तर दिलं नाही. रात्री पांघरुणात त्याने माहितीचं पान उघडलं. आनंदी स्वभाव. पाच गुणांचा आलेख पंचकोनी असतो. त्याच्या माशाचा पंचकोन पाचही बाजूंना थोडा थोडा वाढलेला, एकही टोक भरलेलं नाही. पकडलेले प्राणी ज्या खोक्यांत ठेवतात त्यांची यादी त्याने काढली. तिथे प्राणी कायमचा सोडून देता येतो. तो पर्याय निवडून त्याने काटा 'हो' वर नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग त्याला आठवलं की जंगलात अडकला होता तेव्हा बाकी सगळे गळाले होते आणि याच माशाने, जीव अगदी चिमूटभर उरलेला असताना, तो तडफडीचा डाव मारून त्याला बाहेर काढलं होतं. त्याने 'नाही' दाबलं. तो मासा त्याने कधीच सोडला नाही. तो शेवटपर्यंत फीबासच राहिला, चाळिशीच्या वर गेला, पन्नाशीच्या वर गेला, त्याचे पर फाटकेच राहिले आणि थोरल्याच्या संघात त्याची जागा पक्की राहिली. कुरूप माशाचा सुंदर मासा होतो, अशी ही गोष्ट सहसा सांगतात. मला ती अर्धीच वाटते. जो आपल्या हलगर्जीपणामुळे बदलू शकला नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्यात येतच नाही. थोरल्याने त्याचं उत्तर दिलं, आणि ते मला मिलोटिकइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे, 2010 पासूनच्या खेळांत, याला सोपी वाट आली. एक खास खवला माशाकडे द्यायचा आणि अदलाबदल करायची, की झाला मिलोटिक. ज्यांना घाई आहे त्यांची सोय झाली, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. पण माशाला काय आवडतं हे विचारायची गरजच तिथे उरली नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते.

थोरल्याने धाकटीकडून चौकटींची वही मागितली. तिने तिची दिली नाही, नवी कोरी आणून दिली. त्याने आपली नदी स्वतः काढली. ड्यूफर्डच्या मुलाला काही शिकवायचं नाही असं ठरवलं, मित्रांशी नोंदींची देवाणघेवाण बंद केली, आणि खालच्या टोकापासून सुरुवात केली. एकेका चौकोनात पाच-पाच वेळा. थंडी संपत आली, दोरीवरचे पर्सिमन कधीच खाऊन झाले, शाळेत परीक्षा झाल्या. संत्र्यांचा मोसम आला आणि कोतात्सूवर सालींचा ढीग साठू लागला. त्याची वही तीन-चतुर्थांश भरली तेव्हा फीबास लागला.

धाकटी शेजारीच बसली होती. ती काही बोलायच्या आत त्याने माहितीचं पान उघडलं. स्वभाव पाहिला. याला तुरट ना आवडत होतं, ना नावडत. त्याने डबा उघडला, त्यातल्या जुन्या वड्यांकडे पाहिलं आणि तो बंद केला. मग जाऊन झाडांना पाणी घातलं.

चार दिवसांनी फळं आली. त्याने शेजारच्या दोघांना हाक मारली. चौघं बसली, केबलीला केबल जोडली गेली, चारही पडदे यंत्रासमोर आले. थोरल्याच्या पिशवीत चेस्टो पुष्कळ होती. काटा सुरू व्हायच्या आधी तो शेजारच्या सगळ्यांत लहान मुलाकडे वळला.

"तू कुठलं टाकतोयस ते आधी सांग. मी मग त्याला चालेलसं काढतो."